तिन्ही पुस्तकांतले बाप

...नाही भिया, तुम्ही मला एवढंच सांगा, तीन कादंबऱ्या, तीन बिथरलेली पोरं, आणि तिन्हींत बाप मुकाच कसा? कोपऱ्यात पेपर वाचत बसलेला, नाहीतर नुसता खोकणारा! आणि पोरगा वाया गेला की नाव कुणाचं? बापाचं! आता यात बापाचं काय चुकलं, सांगा!

तुम्हाला सांगतो, मी दिनानाथ, सव्वीस वर्षं मिलमध्ये टाइमकीपर, कुणी दोन मिनिटं लेट आला की माझी लाल शाई तयार! आणि मागच्या दिवाळीच्या तोंडावर मिलच्या गेटलाच कुलूप... बस, खतम! तर आमची पूर्णिमा, अकरावीत आहे, मराठी लायब्ररीच्या निबंधस्पर्धेत नाव देऊन आली. विषय काय? ‘कादंबऱ्यांतले अस्वस्थ किशोर : एक तुलना’! वर मला म्हणते, "बाबा, तुम्ही फुरसतमध्येच आहात ना, तुम्हीपण वाचा, मला डिस्कस करायला कुणीतरी पाहिजे."

फुरसतमध्ये! मेलो मी तिथेच! पण वाचली तिन्ही पुस्तकं. पहिल्या पोराला शाळेतून काढलंय, तर हा घरी सांगतच नाही, रोज दप्तर घेऊन निघतो आणि तळ्यावर जाऊन बसतो. दुसरा कुणाशी बोलत नाही, नुसती दारं आपटतो. तिसरा न सांगता बसमध्ये चढतो आणि भलत्याच गावाला उतरतो. मी पूर्णिमाला म्हटलं, "एकेकाला दोन कानाखाली दिल्या असत्या ना, तर तिन्ही कादंबऱ्या तिसऱ्या पानावर संपल्या असत्या!" ती हसली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

इकडे आमची सरला, माझी बायको, रोज एकच टेप, "अहो, सियागंज बाजारात हार्डवेअरच्या दुकानात माणूस पाहिजे, शेठजी दोनदा विचारून गेले." अरे, टाइमकीपर माणूस आता खिळे तोलणार? मी आपला डबा उचलायचो, "युनियनची मीटिंग आहे!" म्हणायचो आणि निघायचो... कसली मीटिंग? त्या तर दोन महिन्यांपासून बंद! बडा गणपतीच्या देवळापाशी ओट्यावर बसायचो साडेपाचपर्यंत. एक दिवस सरलानं पुन्हा सियागंज काढलं, मी दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली, तडक स्टँडवर गेलो, समोर दिसली त्या बसमध्ये बसलो, उतरलो कुठे तर गौतमपुऱ्याला! ना ओळख ना पाळख! एक चहा प्यालो, तासभर दुकानांच्या पाट्या वाचल्या आणि त्याच बसनं परत.

"कुठे होतात?"

"कुठे नाही."

"जेवलात?"

"भूक नाही."

आता यात बापाचं काय चुकलं, सांगा!

मग आला स्पर्धेचा रविवार. हॉल खचाखच, सरला पुढच्या रांगेत, मी शेवटच्या. पूर्णिमा उभी राहिली आणि वाचायला लागली, "या तिघांकडून काहीतरी अचानक हिसकावून घेतलंय. आता आपण कोण, हे त्यांना कळत नाही, आणि ते घरी सांगायची लाज वाटते. म्हणून ते खोटं बोलतात. लोक म्हणतात, बिघडले. अशा एकाला मी जवळून ओळखते. तो रोज डबा घेऊन निघतो. एकदा शाळा बुडवून मी त्याच्या मागे गेले. देवळापाशी ओट्यावर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांच्या वेळा एका कागदावर लिहीत होता. मी हाक मारली नाही. त्याचं वय सत्तेचाळीस आहे."

सरलानं मागे वळून पाहिलं, आणि मी? मी बाहेर! चपला शोधतोय, एक सापडली तर दुसरी दिसेना, दिसणार कशी, डोळ्यांत सगळं धूसर... तेवढ्यात पूर्णिमा धावत आली.

"बाबा, रागावलात?"

"हाक का नाही मारलीस गं?"

म्हणते, "तुम्ही कामात होतात."

कामात! मला कुणी इतक्या महिन्यांत असं म्हटलं नव्हतं हो... मग बोललो. तिथेच, चपलांच्या ढिगात उभा राहून, मीटिंगचं, ओट्याचं, गौतमपुऱ्याचं, सगळं! मध्येच सरला येऊन उभी राहिली होती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "गौतमपुऱ्याला जाऊन आलात, आणि मला नाही नेलंत?"

सोमवारी गेलो सियागंजला. खिळे तोलायला नाहीच हो! शेठजींनी मालाचा हिशेब ठेवायला नवा काँप्युटर आणलाय, आता सगळेच आणतायत, आणि तो मला शिकवणार कोण? त्यांची धाकटी सून, शमिका, वय बावीस! पहिल्याच दिवशी मी कुठलंसं बटन दाबलं, पडद्यावरून अख्खा माल गायब! कान लाल, घाम फुटलेला. ती शांतपणे चहा पुढे सरकवून काय म्हणाली असेल?

"अंकलजी, टेंशन मत लो... ये उम्र ही ऐसी होती है."

मी मान खाली घातली आणि म्हटलं, "जी, मॅडम."