कोटाच्या खिशातले गोटे

बिश्केकच्या कॅन्सर वॉर्डात, वजनकाट्याच्या रांगेत, माझ्यापुढे एक सासू आणि तिची सून उभ्या होत्या.

“बुरुल, कोट एवढा जड कसा? खिशात गोटे? अगं, वजनावरून औषध ठरतं. जास्त गेलं तर मरशील!”

“वजन घटलेलं दिसलं की तुम्ही मला पुन्हा अंथरुणात डांबाल, आई. घोड्याची चरबी भरवाल. डॉक्टर म्हणतात, रोज चाला.”

“तू बाहेर दिसलीस, तर आजारी सुनेला राबवते म्हणून गाव माझ्या तोंडात शेण घालेल.”

“मी रोज चार बादल्या पाणी आणायचे, तेव्हा कुठे होतं गाव?”

सासूने गोटे काढून स्वतःच्या खिशात टाकले.

“उद्या घरी गेलो की बादली घे. जाताना रिकामी तू धर, येताना भरलेली मी.”

“कुणी विचारलं तर?”

“सांगीन, म्हातारीचे गुडघे धरलेत, सून फिरवून आणते.”