तेरवीच्या पत्रिकेचे नमुने

रेडिओवरच्या जाहिरातींना तुम्ही वैतागता, पण त्या निदान सगळ्यांसाठी असतात. माझ्या दारात एकदा फक्त आमच्याच घरासाठीची जाहिरात आली होती.

परभणीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तुमच्या वडिलांचे दोनच महिने उरलेत. आमच्याकडे आजारी माणसाला असलं सांगत नाहीत. "आप्पा, पोटात गरमी हाय," एवढंच मी म्हणालो. परतताना आप्पा मागच्या सीटवर झोपले, तेव्हा जीपवाल्यापुढे मात्र मला राहवलं नाही.

चौथ्या दिवशी, मंगळवारी सकाळी आप्पा ओट्यावर दाढी करत बसले होते. एक अनोळखी माणूस सायकलवरून उतरला.

"काका, घरात कोनी जानतं हाय का? छापखान्यातून आलोय."

"मलाच सांग."

"तुमच्या घरचे आप्पा लय आजारी हायेत म्हनं. तेरवीच्या पत्रिकेचे नमुने आनलेत. ऐन टायमाला लय घाई होती, म्हनून आधीच आलो."

मी चहा घेऊन दारात आलो होतो.

आप्पांनी वस्तरा खाली ठेवला. "तुला कोनी सांगितलं?"

"जीपवाल्यानं. डाक्टरनं दोनच महिने दिलेत म्हनं."

"आप्पा मीच."

त्या माणसानं नमुने हळूच पाठीमागे नेले. आप्पा माझ्याकडे वळले.

"डाक्टर तुला बोलला. तू जीपवाल्याला बोलला. जीपवाला ह्याला बोलला. जायचं मला हाय, अन् मलाच कोनी बोललं न्हाई."