शेडच्या दाराएवढा ट्रॅक्टर

एक्स-रेच्या खोलीबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या.

"वहिनी, दादाने ट्रॅक्टर घेतला तरी काय बघून?"

"शेडचं दार बघून. दारातून आत जाईल एवढाच घेतला."

"आणि चाऱ्याचे ते गोल गठ्ठे? एकेक अर्ध्या टनाचा असतो."

"मी म्हटलं होतं, दार मोठं करता येईल, ट्रॅक्टर मोठा घ्या. तर म्हणाले, तुला यंत्रातलं काय कळतं?"

"मग?"

"मग काय! ट्रॅक्टरने पुढून गठ्ठा उचलला आणि मागची चाकं हवेत. साहेबांनी मारली उडी."

"अगंबाई! पडल्यावर काही बोलला?"

"बोलले ना. 'ट्रॅक्टरला कुठे खरचटलं का बघ.'"

दार उघडलं. हात गळ्यात बांधलेला नवरा बाहेर आला.

"ट्रॅक्टर लहान नाही गं. गठ्ठाच ओला होता."

"हो तर, गठ्ठ्याचीच चूक. त्यालाच आणायला हवं होतं एक्स-रेला. या इकडे, शर्टाची बटणं लावते."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. मघाशी तुम्ही उडी मारलीत, तेव्हा मी एकटीच बघत होते."