नकाराचं कारण

नवाज : पण अब्बा, मेसेज कंपनीचाच आहे का?

अजीम : व्हय, बंगले भाड्यानं देनारी, जितं तू कामाला हायेस तिचाच. 'बंगल्याची राखण बंद, शनिवारपातुर मागची खोली रिकामी करा.' सारी उमर मळवलीत राखण केली, आन् साधा फोन न्हाई. कुनी धाडला ह्यो?

नवाज : कुणी नाही. आपोआप गेला.

अजीम : आपोआप? भूत बसवलंय का तितं?

नवाज : स्क्रिप्ट आहे, म्हणजे कॉम्प्युटरला आधीच लिहून दिलेला हुकूम. सगळ्या बंगल्यांची माहिती क्लाउडवर असते. रोज सकाळी एक कमांड आपली आपण चालते, कोणत्या राखणदाराने सारखी गिऱ्हाइकं परत पाठवली ते शोधते. ज्याचं नाव निघेल, त्याला मेसेज.

अजीम : मग बरुबर हाय. धाडली मी परत.

नवाज : काय? मला वाटलं, सीझन नाही म्हणून बंगला रिकामा.

अजीम : तुजी अम्मी खोलीत घटका मोजत हुती. फुडं पोहायचा तलाव, गाणी, धिंगाना. डोळा लागायचा न्हाई तिचा. म्हनून येईल त्याला सांगायचो, पंप बिघडलाय, फुडं औंढे गावात दुसरा बंगला बघा. जाताना तरी शांतता मिळू दे बाईला.

नवाज : मला बोलायचं तरी!

अजीम : तू कंपनीचा मानूस. कुटं अडचणीत घालू तुला? आता असं कर, ज्यानं हे लिवलंय त्याला गाठ. सांग, घरात बाई आजारी हुती. त्यालाबी आई असंलच की.

नवाज : अब्बा… मीच लिहिलंय ते.

अजीम : तू?

नवाज : त्याच दिवसांत. अम्मीच्या उशाशी बसून. नकार किती वेळा दिला, एवढंच विचारलं. का दिला, ते विचारायचं मला सुचलंच नाही.

अजीम : मग काड की माजं नाव त्यातनं.

नवाज : आता ते वरच्यांच्या ताब्यात आहे. थांबा, साहेबांना विचारतो.

(नवाज फोन घेऊन अंगणात जातो. बऱ्याच वेळाने परत येतो.)

अजीम : काय म्हनले?

नवाज : म्हणाले, एकाला सोडलं तर पवनानगरपर्यंतचे सगळे राखणदार रडत येतील. आणि म्हणाले, काम छान झालंय तुझं.

अजीम : बरं.

नवाज : मी सोडतो नोकरी.

अजीम : येडा हायेस का? मग खायचं काय दोघांनी? भांडी बांदायला घे. तिची खाट ऱ्हाऊ दे, ती मी उचलीन.

नवाज : अब्बा, मला शिव्या तरी घाला हो!

अजीम : कशाला? तुज्या बोटांची टकटक ऐकत निजायची ती. म्हनायची, पोरगं लय मन लावून काम करतंय.