तांबी चोरीच्या तक्रारीचा खुलासा

नाव: अनसूया अंबादास खिरवडकर, वय ७१ वर्षे, व्यवसाय: निवृत्त परिचारिका-प्रशिक्षक, राहणार विजय नगर, जबलपूर.

ठाण्यात बोलावल्यावरून मी स्वतः येऊन सांगते की, गोहलपुरातल्या दवाखान्यातली परिचारिका यशश्री ही माझी विद्यार्थिनी आहे. तिने तांबी चोरल्याची तक्रार सौमित्र यांनी दिली आहे. त्यांच्या आईची नर्मदेच्या पाण्याची तांबी देवघरातून गायब आहे. त्यातच पत्नी सलोनी हिच्या मोबाइलवर त्यांना यशश्रीचा निरोप सापडला: "तांबी नीट बसली. घरी कळणार नाही, काळजी नको." मुलांना मराठी धड शिकवलं नाही की असं होतं.

पुढचा खुलासा सलोनीच्या परवानगीने करते. मी लग्न होऊन नागपूरहून इथे आले आणि सिव्हिल लाइन्समध्ये नर्सिंगच्या मुलींना शिकवू लागले. आमच्याकडे कॉपर-टीला तांबी म्हणतात. दवाखान्यात सासवा कान टवकारून बसत, म्हणून आम्ही मराठी मुली आपसांत तांबीच म्हणायचो. एखादी सासू विचारायची, "दीदी, कौन सी तांबी?" माझी मैत्रीण नंदा सांगायची, "पूजा की," आणि तोंडाला पदर लावायची. आम्ही किती हसायचो! नंदा आता नाही. ते दिवस मला फार आठवतात. उपनिरीक्षक प्रणोती म्हणाल्या की याचा प्रकरणाशी संबंध नाही. मी म्हटलं, तरी लिहा.

नवं संशोधन येई तशा आमच्या सूचनाही बदलत. पूर्वी मूल झालेल्या बाईलाच तांबी बसवायचो, आता मूल नसलं तरी चालते. नवऱ्याची सही लागत नाही. बाईची गोष्ट तिला विचारल्याशिवाय घरच्यांना सांगायची नाही, हे मी प्रत्येक तुकडीला पहिल्याच तासाला शिकवलं.

आज सर्वांसमोर यशश्रीला विचारलं, तांबी कुठे आहे? अटक झाली तर तिची नोकरी जाणार होती. तरी ती खाली बघत राहिली. मला सगळं कळत होतं, पण मीही बोलले नाही. तिचा मला अभिमान वाटला.

तेव्हा सलोनी उठली. "दीदीला काहून त्रास देऊन राहिले? तांबी माझ्या पोटात आहे. इतक्यात मूल नको म्हणून मीच बसवली."

सौमित्र म्हणाले, "मला काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर चलो म्हटलं असतं का तू?"

ते उपनिरीक्षकांकडे वळले. आईची तांबी घरातच शोधतो, तक्रार मागे घेतो म्हणाले. मग तिच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "दुखून राहिलं का?"

दवाखान्याबाहेर बाकावर बसलेले नवरे मी आयुष्यभर पाहिले. हा प्रश्न आज पहिल्यांदा ऐकला. मला रडू आलं.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे, म्हणून सही करते.