वेणू अजून विहिरीत आहे

जेसल पार्कमधल्या दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर एक सासरे आणि त्यांची सून नंबर यायची वाट बघत होते. सासऱ्यांच्या हातात जुन्या मासिकातल्या एका कथेच्या झेरॉक्स होत्या.

"तेजश्री, पुढचं पान कुठंय? वेणू विहिरीत पडलीय."

"पुढचा भाग आलाच नाही, बाबा. १८८७ साली ते मासिक बंद पडलं."

"बंद पडलं म्हणजे? बाई विहिरीत आहे!"

"वर्गणीदारच मिळेनात त्यांना."

"म्हणजे सव्वाशेच्या वर वर्षं ती आतच? अगं, तुझ्या सासूला मी रोज एक भाग वाचून दाखवतोय. काल तिला धड जेवण गेलं नाही. आज शेवट सांगतो म्हणून शब्द दिलाय मी."

"खरं ते सांगा ना. मीपण पीएचडीत 'कथा अपूर्ण' असंच लिहिणार आहे."

"तू लिही. मला घरी जायचंय."

"मग काय सांगणार आईंना?"

"नवऱ्याला पश्चात्ताप होतो. तो दोर टाकतो."

"नवराच तिला ढकलून काशीला गेलाय, बाबा."

"हो की. मग सासरा टाकतो."

"कथेत सासरा नाहीये."

"आता आहे."