शिरक्याच्या बाटल्या

तुम्हाला खोटं वाटेल, पण आमच्या पोरीची सोयरीक शिरक्यानं मोडायला आली होती.

आमची ही दरवर्षी उसाच्या रसाचा शिरका घालते आणि त्यात आलं, हिरवी मिरची मुरवते. त्याला घट्ट झाकणाची काचेची बाटली लागते. मी फौजेतला माणूस, त्यामुळे घरात रमच्या रिकाम्या बाटल्यांना तोटा नव्हता. हिनं त्या धुऊन घेतल्या, पण वरचा कागद एकीचाही काढला नाही.

आटपाडीचे पाहुणे पोरीला बघायला आले. पोरीला मुलगा लय आवडला. एवढ्यात मुलाच्या वडिलांची नजर फळीवर गेली आणि ते उठलेच.

"दारुड्याच्या घरात सोयरीक न्हाई करायची. मी जन्मात थेंब घेतला न्हाई."

"आवं पाव्हणं, शिरका हाय त्यो," मी म्हटलं.

"सगळी असंच सांगत्यात."

दाराआड पोरगी रडकुंडीला आली. शेवटी हिनंच एक बाटली उघडली, वाटीत ओतलं आणि म्हणाली, "चाखून बघा, मग खुशाल जावा."

पाहुण्यांनी घोट घेतला, डोळे पुसले आणि सगळ्यांना ठामपणे सांगितलं, "रम न्हाई ही. रम आधी गोडसर लागती, मग घशात जाळती. ह्यो पहिल्यापासनंच जाळतोय."

त्यांची बायको सावकाश त्यांच्याकडं वळली. "जन्मात थेंब न्हाई, व्हय?"

पाहुणे घाईघाईनं माझ्याकडं बघून म्हणाले, "मग तारीख कवाची धरायची?"